मायल क्रीकची वाट

शनिवार

जूनच्या दुसऱ्या सोमवारी न्यू साउथ वेल्समध्ये राजाच्या वाढदिवसाची सुट्टी असते. राजाचा खरा वाढदिवस नोव्हेंबरात, पण लाँग वीकेंड मिळतोय म्हटल्यावर त्यावर कोण कशाला बोलतंय! सिडनीतली आमची बरीचशी मित्रमंडळी या दिवसांत बर्फ बघायला दक्षिणेकडे पळतात. आम्ही निघालो उत्तरेला, बिंगारा नावाच्या लहानशा गावाकडे.

हे ठरलं लेकीच्या वहीमुळे. मे संपता संपता तिच्या शाळेत रिकन्सिलिएशन वीक, म्हणजे मूळनिवासी आणि इतर ऑस्ट्रेलियन यांच्यातल्या सलोख्याचा आठवडा, झाला. तो दरवर्षी २७ मे ते ३ जून असतो. १९६७ साली मूळनिवाश्यांची जनगणनेत मोजदाद व्हावी म्हणून सार्वमत झालं तो पहिला दिवस, आणि ही भूमी कधीच बिनमालकाची नव्हती हे मान्य करणारा १९९२ चा माबो निकाल लागला तो शेवटचा. लेकीच्या गटाच्या वाट्याला मायल क्रीक आलं होतं, बिंगाऱ्याजवळची १८३८ सालच्या मूळनिवाश्यांच्या हत्याकांडाची जागा. चंद्रपूरहून आलेल्या बाबांनी तिची वही दुपारी बसून वाचून काढली आणि संध्याकाळी चहाच्या वेळी जाहीर केलं, "इथं दरवर्षी कार्यक्रम होते म्हणतात, तर जाऊन येऊ ना बापा. त्या ऑपेरा हाऊसचे किती फोटो काढू?"

बाबांची उभी नोकरी अहेरी तालुक्यातल्या शाळांमध्ये गेली. इंग्रजांनी फाशी दिलेल्या गोंड बाबुराव शेडमाकेंचा तो मुलूख. त्यांना नाही म्हणणं शक्यच नव्हतं.

पहाटे अंधारातच निघालो. डब्यात तिखट पुऱ्या, ठेचा, थर्मासमध्ये चहा. बाबांच्या डोक्यावर माकडटोपी, ती सोमवारपर्यंत उतरली नाही. हंटर खोऱ्यात शिरल्यावर सिंगलटनपासून मसलब्रुकपर्यंत रस्त्याच्या दोन्ही अंगांना उघड्या कोळसा खाणी लागतात, आणि मध्येच बेजवॉटर वीज केंद्राचे अवाढव्य कूलिंग टॉवर. बाबा काच खाली करून हसायला लागले. एवढे दहा हजार किलोमीटर उडून यायचं आणि बघायचं काय, तर दुर्गापूरची खाण आणि ऊर्जानगर!

मसलब्रुकला कॉफीसाठी थांबलो. या गावाचा आमच्या प्रवासाशी संबंध आहे. एडवर्ड डेनी डे हा १८३८ साली इथला पोलीस मॅजिस्ट्रेट होता. गव्हर्नर जॉर्ज गिप्सने त्याला घोडेस्वार पोलीस देऊन उत्तरेला धाडलं, आणि कित्येक आठवडे रानोमाळ फिरून त्याने अकरा जणांना बेड्या घातल्या. आज आपण बेकरीसमोर गाडी लावतो, पाय मोकळे करतो आणि पुढे जातो.

पुढचा रस्ता सरळ आणि रिकामा. टॅमवर्थ, मॅनिला, बराबा. बराबाला धान्याच्या कोठारांवर पाणाड्याचं भलंमोठं चित्र रंगवलंय, हातात काठ्या घेऊन पाण्याचा माग काढणारा माणूस. बाबांनी तिथे पंधरा मिनिटं घेतली. मराठवाड्यातला पाणाडी आणि हा यांच्यात काय फरक, यावर नवऱ्याशी त्यांची चर्चाही झाली. ती इथे देत नाही.

दुपार कलली तेव्हा बिंगाऱ्यात पोचलो. ग्वायडर नदीकाठचं गाव, एक मुख्य रस्ता आणि त्या रस्त्यावर संत्र्याची झाडं. आम्ही विदर्भातली माणसं, संत्र्याचं झाड दिसलं की हात आपोआप वर जातो. पण लेकीने आधीच बजावून ठेवलं होतं. महायुद्धांत कामी आलेल्या गावच्या सैनिकांच्या स्मृतीसाठी ही झाडं लावलेली आहेत. फळं पिकली की ठरलेल्या दिवशी शाळेची मुलं ती सगळी मिळून तोडतात. तोवर कोणी एकालाही हात लावत नाही. फांद्या वाकल्या होत्या, काही संत्री तर फुटपाथवरून चालताना खांद्याला लागत होती, आणि खाली पडलेलंसुद्धा कोणी उचललं नव्हतं.

आठवण कशी जपायची हे या गावाला कोणी शिकवायची गरज नव्हती, हे मला त्या झाडांखाली उभं राहून कळलं. म्हणून पुढची गोष्ट जास्त बोचते. १९६० च्या दशकात याच बिंगाऱ्यातल्या लेन पेन नावाच्या गृहस्थाने मायल क्रीकच्या बळींचंही स्मारक व्हावं म्हणून खटपट केली. गावात विरोध झाला. जुनं कशाला उकरायचं, हे जगभर सारखंच. पेन मग आपला आपणच तिथे जाऊन पुष्पचक्र ठेवून यायचा. प्रत्यक्ष स्मारक व्हायला २००० साल उजाडलं.

रविवार

सकाळी गाडीच्या काचेवर दहिवराचा पांढरा थर गोठलेला. मोटेलच्या किटलीतलं कोमट पाणी ओतून तो काढला. बिंगाऱ्याहून डेलुंग्राच्या रस्त्याने वीस-पंचवीस किलोमीटर गेलं की मायल क्रीकचा हॉल लागतो. गाव असं नाहीच. पत्र्याच्या छपराची एक इमारत, भोवती कुरणं, आणि आज मात्र जत्रेसारख्या गाड्या. लांबून आलेल्या दोन बस. काळ्या, लाल आणि पिवळ्या रंगाचा मूळनिवाश्यांचा झेंडा. रुंद काठाच्या टोप्या घातलेले शेतकरी, लोकरी शालीत गुंडाळलेल्या, इथल्या मूळच्या गमिलराय लोकांतल्या आज्या, गुरुजी-पाद्री, पोरंसोरं, कुत्री.

आमच्यासारखे दिसणारे आम्हीच. एका बाईंनी बाबांच्या हातात आल्या आल्या चहाचा कप दिला आणि कुठून आलात विचारलं. "चंद्रपूर," बाबा म्हणाले, सिडनी नाही.

कार्यक्रमात काय झालं ते सांगण्याआधी १८३८ सांगायला हवं, कारण इथे सगळे तेच करतात. भाषणबाजी कमी आणि हकिकत जास्त.

हेन्री डांगर या बड्या जमीनदाराचं मायल क्रीकला गुरांचं स्टेशन, म्हणजे गुरं पाळायचं मोठं रान, होतं. तिथे विरयराय लोकांचा पस्तीसेक जणांचा मेळा काही आठवड्यांपासून उतरला होता. विरयराय म्हणजे गमिलराय लोकांतलंच एक कूळ. स्टेशनवरच्या गड्यांशी त्यांचं बरं चाललं होतं. संध्याकाळी नाचगाणी व्हायची, पोरांना इंग्रजी नावंही पडली होती. १० जूनला, तोही रविवारच होता, त्यांच्यातले धडधाकट पुरुष शेजारच्या स्टेशनवर झाडांच्या साली काढायला गेले होते. मागे राहिल्या बायका, मुलं आणि म्हातारे. दुपारनंतर जॉन फ्लेमिंग हा जमीनदाराचा मुलगा आणि त्याच्याबरोबर अकरा घोडेस्वार आले. लोक घाबरून जॉर्ज अँडरसन या गड्याच्या झोपडीत शिरले. त्यांना एकाच लांब दोराला बांधून बाहेर काढलं आणि पश्चिमेच्या उतारावर नेऊन तलवारींनी कापलं. दोन पोरं ओढ्यात उडी टाकून निसटली. दोन दिवसांनी तीच टोळी परत आली, प्रेतं जाळायला.

स्टेशनचा व्यवस्थापक विल्यम हॉब्ज बाहेरगावी होता. परतल्यावर त्याने जागा पाहिली, जळक्या राशीत मोजता येतील तेवढी प्रेतं मोजली. आकडा अठ्ठावीसच्या आसपास आला. फ्रेडरिक फूट नावाचा शेजारचा माणूस ती खबर घेऊन सिडनीला गेला. गिप्सने तपास लावला.

१५ नोव्हेंबरला पहिला खटला. म्हाताऱ्या 'डॅडी'च्या खुनाचा आरोप, आणि ज्युरीने पंधरा-वीस मिनिटांत सगळ्यांना निर्दोष सोडलं. कोर्टात टाळ्या पडल्या. पण अ‍ॅटर्नी जनरल जॉन प्लंकेट चिवट निघाला. त्याने त्याच महिन्यात अकरापैकी सात जणांवर एका लहान मुलाच्या खुनाचा वेगळा खटला भरला. अँडरसन, जो स्वतः ब्रिटनमधून शिक्षा म्हणून इथे धाडलेला कैदी होता, दोन्ही वेळा साक्षीला उभा राहिला. सातही जण दोषी ठरले आणि १८ डिसेंबर १८३८ ला सिडनीच्या तुरुंगात फासावर गेले. उरलेल्या चौघांविरुद्ध डेव्ही नावाच्या मूळनिवासी गड्याची साक्ष घ्यायची होती, पण बायबलवर शपथ घेता येत नाही म्हणून त्या काळी अशांची साक्षच चालत नसे. त्याला शपथेचा अर्थ शिकवायचं ठरलं, तोवर तो बेपत्ता झाला. चौघे सुटले.

आणि फ्लेमिंग? तो हॉक्सबरीकडच्या आपल्या माणसांत पोचला आणि त्याला कधीच कोणी पकडलं नाही. पुढे चर्चच्या कारभारात मानाने वावरला. बाकी अकरा जण सगळे कैदी किंवा सुटलेले कैदी. त्यांच्या वकिलांचा खर्च जमीनदारांनी वर्गणी काढून केला. हॉब्जला डांगरने नोकरीवरून काढलं.

"म्हंजे जमीनदाराचा पोरगा सुटला, गडी लटकले, आन खरं बोलला त्याची नोकरी गेली," बाबा मराठीत, जरा मोठ्यानेच म्हणाले. शेजारच्या आजोबांनी काय म्हणाले विचारलं. मी भाषांतर केलं. आजोबांनी मान हलवली, "हो, थोडक्यात तेच."

हॉलमधला कार्यक्रम आटोपल्यावर सगळे वाटेच्या तोंडाशी जमलो. तिथे निलगिरीची ओली पानं निखाऱ्यांवर टाकून धुरी केली होती. प्रत्येकाने त्या धुरातून जायचं. एक आजी पानांची डहाळी हलवून धूर आपल्या अंगावर ढकलत होत्या. बाबांनी दोन्ही ओंजळींनी तो डोक्यावर घेतला, घरी आरती घेतात तसा, आणि कोणी सांगावं लागलं नाही.

मग ती वाट. सहाशे मीटरची, लालसर, कडेकडेने वळत जाणारी. तिच्यावर ठरावीक अंतराने ग्रॅनाइटचे धोंडे आहेत आणि त्यांवर सात पाट्या, इंग्रजी आणि गमिलराय अशा दोन्ही भाषांत. आधी या लोकांचं इथलं जगणं, मग गोऱ्यांचं येणं, मग तो रविवार, मग खटला. प्रत्येक पाटीपाशी घोळका थांबतो आणि शाळेतलं एखादं मूल पाटी वाचून दाखवतं. दोराची पाटी आली तेव्हा वाचणारा मुलगा दहा-अकरा वर्षांचा असेल, भुऱ्या केसांचा, शाळेच्या जर्सीवर जाकीट घातलेला. इंग्रजी भराभर वाचलं. गमिलराय ओळीवर अडखळला. शेजारी उभ्या असलेल्या आजींनी हळूच शब्द सांगितला, त्याने म्हटला, त्यांनी पुन्हा सांगितला, त्याने पुन्हा म्हटला. सव्वाशे-दीडशे माणसं थंडीत नाकं पुसत उभी होती आणि कोणालाही घाई नव्हती.

वाटेच्या शेवटी टेकाडावर चौदा टनांचा एक धोंडा आहे. खाली उतार दिसतो, ओढ्याची झाडी दिसते. बाकी काही नाही. ना पुतळा, ना कमान. धोंड्यावरच्या पाटीत सरळ लिहिलंय की इथे विरयराय लोकांचे खून झाले, कोणतीही चिथावणी नसताना, आधी ठरवून. आणि हे स्मारक मूळनिवासी आणि इतर ऑस्ट्रेलियन लोकांनी मिळून उभारलं. मला त्यातलं 'आधी ठरवून' फार महत्त्वाचं वाटलं. सरकारी पाट्यांवर माणसं बहुधा आपोआप 'मरण पावतात'.

जानेवारी २००५ मध्ये कोणीतरी येऊन या पाट्यांवर छिन्नी चालवली. 'खून', 'स्त्रिया', 'मुलं' एवढेच शब्द नेमके खरवडले. ज्याने केलं त्याने पाटी नीट वाचली होती यात शंका नाही. शब्द परत कोरले गेले, आणि २००८ मध्ये ही जागा राष्ट्रीय वारसा यादीत घेतली गेली.

हे सगळं जमून आलं १९९८ नंतर. बिंगाऱ्यात युनायटिंग चर्चची एक परिषद भरली होती. त्यात स्यू ब्लॅकलॉक या गमिलराय बाईंनी, ज्या त्या दिवशी वाचलेल्यांच्या वंशातल्या, स्मारकाचा विषय काढला. काम सुरू झालं तशी बातमी पसरली आणि मारेकऱ्यांच्या घराण्यातली माणसंही पुढे आली. बेयुला अ‍ॅडम्स, ज्यांचा पूर्वज फाशी गेलेल्या सातांतला, आणि डेस ब्लेक, ज्यांचा पूर्वज सुटलेल्या चारांतला. १० जून २००० ला याच टेकाडावर ही दोन्हीकडची माणसं एकमेकांच्या गळ्यात पडून रडली. त्यानंतर दरवर्षी जूनमध्ये हे चालू आहे.

चंद्रपूरच्या तुरुंगात पिंपळ आहे. २१ ऑक्टोबर १८५८ ला बाबुराव शेडमाकेंना तिथे फाशी दिलं. दर २१ ऑक्टोबरला गडचिरोली-चंद्रपुरातून माणसं येतात, हार वाहतात, जयजयकार होतो. बाबा बऱ्याचदा जातात. टेकाडावरून उतरताना ते म्हणाले, "आपल्याकडे गोंड येतात, पुढारी येतात. फासाचा हुकूम देणाऱ्याच्या खानदानातलं कोणी येते का? खबर देणाऱ्याच्या?" मग स्वतःच, "आन आला तर आपण त्याला चहा देऊ का?"

हॉलमध्ये भोपळ्याचं सूप, सँडविचेस, स्कोन, मुरंबा. वाढणाऱ्या बहुतेक आसपासच्या शेतांवरच्या बायका. मघाचे आजोबा आमच्याच टेबलावर बसले. त्यांच्या घराण्याची इथे काही पिढ्यांची शेती. लहानपणी घरात मायल क्रीकचं नाव काढलं की त्यांचे आजोबा जेवणावरून उठून जात, असं म्हणाले. ते स्वतः पहिल्यांदा आले ते बायकोने गाडीत घातलं म्हणून. आता खुर्च्या मांडायचं काम त्यांच्याकडे असतं.

मला इथे एक गोष्ट डाचत राहिली, ती लिहितेच. मायल क्रीक आपल्याला तपशिलाने माहीत आहे, कारण इथे साक्षीदार बोलला आणि कोर्टात कागद झाला. त्याच वर्षी २६ जानेवारीला, हो, ऑस्ट्रेलिया डेलाच, याच मुलखात वॉटर्लू क्रीकला मेजर नन्नच्या घोडेस्वार पोलिसांनी किती माणसं मारली यावर आजही एकमत नाही. तिथे कोणाला शिक्षा झाली नाही. आणि डिसेंबरातल्या फाशीनंतर हत्या थांबल्या असंही नाही, फक्त पुढच्यांनी बोलणं बंद केलं. न्यूकॅसल विद्यापीठात लिंडल रायन यांच्या पुढाकाराने वसाहतकाळातल्या हत्याकांडांचा नकाशा झालाय. त्यावर चारशेहून जास्त ठिपके आहेत. टेकाड, धोंडा आणि सूप असलेला ठिपका विरळाच.

सोमवार

निघण्याआधी बिंगाऱ्याचं रॉक्सी थिएटर बघितलं. ग्रीसच्या किथिरा बेटावरून आलेल्या तिघा भागीदारांनी १९३६ मध्ये बांधलेलं, शेजारी त्यांचा कॅफे. गुलाबी-निळ्या रेघांचं दर्शनी रूप इतकं ऐटबाज की या एवढ्याशा गावात ते शोभतही नाही. धंद्यात ते तिघे पार बुडाले. इमारत मात्र गावाने सांभाळून पुन्हा उभी केली. नवऱ्याला हीच गोष्ट सगळ्यात आवडली, आणि त्यावरूनच परतीचा वाद सुरू झाला.

त्याचं म्हणणं, आपण त्या ग्रीकांसारखे, मागाहून आलेले. यातलं आपण काहीच केलेलं नाही. मी म्हटलं, केलं नाही पण घर तर याच जमिनीवर घेतलंय. तिथून गाडी १४ ऑक्टोबर २०२३ च्या सार्वमतावर आली. मूळनिवाश्यांना संसदेपुढे आपला आवाज मांडणारं मंडळ राज्यघटनेत असावं का, हा प्रश्न होता. देशात साठ टक्के लोकांनी नाही म्हटलं. आमच्या घरात एक मत हो आणि एक नाही. बाबांनी विचारलं, "त्या सूप वाढणाऱ्या बायांच्या भागात काय झालं?" या पट्ट्यात 'नाही'चं पारडं चांगलंच जड होतं. बाबा बराबा येईपर्यंत गप्प.

लेकीने मग तिच्या वहीतलं एक कात्रण काढलं. १८३८ मध्ये सिडनी हेराल्ड हे वर्तमानपत्र खटल्याच्या विरोधात आग ओकत होतं. मूळनिवाश्यांसाठी एवढा खर्च कशाला, असा एकूण सूर. त्याच पत्राचं पुढे सिडनी मॉर्निंग हेराल्ड झालं, आणि जून २०२३ मध्ये त्याने अग्रलेख लिहून त्या लिखाणाबद्दल माफी मागितली. नवरा म्हणाला, एकशे पंच्याऐंशी वर्षांनी माफी मागायला काय जातंय? लेक म्हणाली, बाकीच्या पेपरांनी तेवढीसुद्धा मागितली नाही. यावर त्याला उत्तर सुचलं नाही, किंवा पुढे ट्रक होता म्हणून त्याने दिलं नाही.

जाणार असाल तर: हॉटेल बिंगाऱ्यातच बघा आणि महिनाभर आधी बघा. मायल क्रीकला फोनला रेंज मिळेलच असं नाही. टेकाडावर वारा बोचरा असतो, कानटोपी न्या. वाट सोपी आहे, गुडघेदुखीवाल्या बाबांनी ती दोनदा केली.

मसलब्रुकनंतर बाबांनी निवृत्त शिक्षकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर व्हॉइस मेसेज पाठवायला सुरुवात केली. पहिल्यात तारीख, दुसऱ्यात दोर, तिसऱ्यात खटला, चौथ्यात सात पाट्या आणि कोणी कोणत्या भाषेत वाचल्या ते. हॉर्न्सबीच्या ट्रॅफिकमध्ये अडकलो तेव्हा पहिलं उत्तर आलं: कांगारू दिसले का? बाबांनी चष्मा सारखा केला आणि एका बोटाने टाइप केलं, "दिसले. चार मेसेज पहिले आईक."